वादीचं टोक

संगीतमास्तरांच्या घरून बोलावणं आलं आणि तिच्या काळजात धस्स झालं! मास्तरांच्या ढोलाची वादी, कातडं ताणून धरणारी चामड्याची दोरी, तुटली होती, तासाभरात पाहुणे यायचे होते आणि एवढ्या घाईत कातडं मढवून देणारी शहरात ती एकटीच. पण त्याच घरचा जावई होणार होता तिचा धाकटा भाऊ... आणि त्याने तिथे सांगितलं होतं, मला कुणी नाही!

तसं सांगायला तिनेच शिकवलं होतं. बाप गेल्यावर कातडी कमावून, दुर्गंधीत आयुष्य काढून तिने त्याला वाजवायला शिकायला धाडलं. स्वतःचा संसार, स्वतःचं नातंसुद्धा त्याच्यावरून ओवाळून टाकलं. मास्तरांचा हिशेब मात्र चोख! कातडं दिवाणखान्यात, मांडीवर. कातडं मढवणारी मागच्या पायरीवर.

"बाई, आटपा," भाऊ परक्यासारखा म्हणाला. नजर जमिनीत.

"आटपते, साहेब."

दारात मास्तरांची मुलगी उभी होती. मास्तर हसून तिला म्हणाले, "यांचे हात नुसते ओढायला. सूर काय कळणार या लोकांना!"

पायरीवर बसलेली तीही हसली. भीतीपायी माणूस कशाकशाला हसतं!

नवी वादी ओवून तिने ढोलावर पाय रोवला, जीव खाऊन ओढलं. दोन हात पुरेनात. घरी अशा वेळी दुसऱ्याने वादीचं टोक दाढेत धरायचं; बापाची, आज्याची रीत ती, कुठल्या शाळेत शिकवतात थोडीच! वादी सटकली... आणि भाऊ झटकन गुडघ्यांवर आला, टोक दाढेत धरून त्याने मान मागे ताणली!



"हे कुणी शिकवलं तुला?" मास्तरांनी हळूच विचारलं.

ती मध्येच ओरडली, "मीच खुणावलं, मास्तर! शपथ! मी कोण हो त्यांची?... सोडा ना साहेब, सोडा!"

सोडलं असतं तर निभावलं असतं. तो गाठ बसेपर्यंत दात आवळून राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग टोक तोंडातून काढत म्हणाला, "हिनं. माझी सख्खी ताई आहे ही."

मास्तरांनी मुलीचा दंड धरून तिला आत नेलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

"अरे वेड्या, जा! अजून वेळ आहे... सांग, बाईनं पढवलं होतं म्हणून!" ती त्याला दाराकडे ढकलत होती. फाटकाशी पाहुण्यांची पावलं वाजू लागली होती.

तो तिच्याच पायरीवर, तिला खेटून बसला.

"दुसरी बाजू ढिली आहे, ताई. ओढ. मी धरतो."