निळ्या खडूची वही

तुमच्याच भल्यासाठी म्हणून सगळे मिळून तुमच्याशी खोटं बोलले, तर तुम्ही त्यांना माफ कराल का?

लगेच उत्तर देऊ नका. वीज येईपर्यंत विचार करा. अंधारात तसाही तुमचा अभ्यास होणार नाही. आणि तू, रोंग, मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर मारू नकोस. भूत मी नाही.

ही गोष्ट फांगची आहे. तो या गल्लीतल्या चौथ्या घराचा मालक. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत, दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला. पंधरा वर्षं आम्ही रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडत होतो. तो खेळात लबाडी करायचा, पण बोलण्यात कधी नाही. त्याने मला हे एकदाच सांगितलं. सांगून झाल्यावर पट गुंडाळला आणि घरी गेला. डाव अर्धाच राहिला.

तेव्हाही ही गल्ली अशीच होती. घरोघरी भाड्याच्या खोल्या, खोलीखोलीत एक आई, आणि तिचं मूल समोरच्या शाळेत, वसतिगृहात. मोठ्या परीक्षेच्या वर्षी आया गाव सोडून इथे यायच्या आणि कुंपणाच्या गजांतून डबे द्यायच्या. फांगकडे तीन खोल्या होत्या. दोन खोल्यांतल्या बाया नळावरून रोज भांडायच्या. तिसरीत लानशिनची आई राहायची. बाई शांत. शिवणाचं मशीन घेऊन आली होती. गल्लीतल्यांच्या विजारी आखूड करून द्यायची, पोरीची फी भरायची. कमरेला सदा एप्रन आणि एप्रनच्या खिशात दोन वस्तू: कापडावर खुणा करायचा निळा खडू आणि लानशिनची शब्दवही.

लानशिनचं सगळं चांगलं होतं, इंग्रजी सोडून. वर्गशिक्षिका दिंग बाई म्हणाल्या होत्या, "इंग्रजीने हिला बुडवलं नाही तर ही मुलगी तरेल." मग लानशिनने स्वतःच्या हाताने जाड वही केली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपल्या भाषेत अर्थ. रात्रीचा अभ्यासाचा तास सुटला की दहाला दहा कमी असताना ती पश्चिमेकडच्या कुंपणापाशी यायची. पाण्याच्या टाकीमागे, जिथे बाकी कुणी येत नाही तिथे. आई गजांतून डबा द्यायची. पोर उभ्या उभ्या खायची आणि आई विचारायची.

आई शिकली होती पाचवीपर्यंत. इंग्रजीची सव्वीस अक्षरं तेवढी ओळखायला शिकली, तीही पन्नाशीच्या घरात. ती अर्थ वाचायची, लानशिन शब्द सांगायची, मग एकेक अक्षर. आई बोट ठेवून अक्षरं जुळवायची. बरोबर आलं की निळ्या खडूची खूण.

"आजोबा, माझी आई असं करायला लागली तर मी वसतिगृहातून पळून जाईन."

तू पळशील गं. तुला एका जागी बसता येतं कुठे?

तर शब्द झाले की लानशिन एक उतारा मोठ्याने वाचायची. आईला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. फांगने एकदा थट्टा केली, "वहिनी, काय कळलं?"

ती म्हणाली, "फांगदादा, श्वास कळतो. जिथे तिला अर्थ लागत नाही तिथे ती श्वास लवकर घेते. मग मी सांगते, इथून परत वाच."

आणि ते खरं होतं. लानशिन परत वाचायची, आणि ते वाक्य तिला उलगडायचं. वसंताच्या चाचणीत तिचे तेवीस गुण वाढले. गल्लीत तिच्या आईने त्या दिवशी कुणाकडूनच विजारीचे पैसे घेतले नाहीत.

एकवीस मे, मंगळवार. सकाळी भाजीबाजारात ती कोबी निवडता निवडता खाली बसली. डोक्यात रक्तस्राव. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

परीक्षेला सतरा दिवस राहिले होते.

बाप लांब शिंज्यांगला बांधकामावर होता. तो फोनवर रडला नाही, एवढंच म्हणाला, "पोरीला सांगू नका. तिने माझ्या बायकोचा जीव घेतलाय त्या परीक्षेसाठी, निदान ती परीक्षा तरी होऊ दे." मग लगेच म्हणाला, "नाही, नाही, पोरीने नाही... मला तसं म्हणायचं नव्हतं." दिंग बाईंनी डोळे पुसले आणि मान डोलावली. नळावर भांडणाऱ्या दोघी बाया त्या दिवसापासून एकमेकींना पाणी भरून द्यायला लागल्या, पण कुणापाशी चकार शब्द काढला नाही. ठरलं ते असं: गावाकडे आजीचं कमरेचं हाड मोडलंय, आई तिच्या सेवेला गेलीय. आठ जूनला शेवटचा पेपर सुटला की सांगायचं.

आणि डबा न्यायचा फांगने.

पहिल्या रात्री लानशिनने गजांतून पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्ही?"

फांगने पाठ केलेलं सांगितलं.

"मला न सांगता गेली? आणि वही?"

"घाईत... बरोबरच नेली."

पोरीने डबा घेतला, पण उघडला नाही. "तिला फोन केलात तर सांगा, मी रागावलेय. परीक्षा तोंडावर आलीय आणि ही निघून जाते! आजीला मामी नाही का बघायला?"

फांग म्हणाला, "सांगतो."

ते त्याचं पहिलं खोटं. पुढे रोज एक. रोज ती विचारायची, "सांगितलंत का? काय म्हणाली?" आणि फांग आईच्या तोंडी वाक्यं घालायचा. चांगलं खा. रात्री जागू नकोस. मला म्हणाला, "रेन, मेलेल्या बाईच्या तोंडून बोलत होतो मी. जीभ जड व्हायची." लानशिन त्याला उतारा वाचून दाखवायची. हा नुसता मान हलवायचा. श्वास कुठे घेतला, ते त्याला कळायचं नाही. पोरीच्या लक्षात यायचं. ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "राहू दे, काका."

बाप येऊन गावाला दहन करून, अस्थी पुरून गेला. तो जाताना फांगने विचारलं, "ती शब्दवही कुठेय? पोर मागते."

बापाचा चेहरा उतरला. "एप्रनच्या खिशात होती का? मी तिचे सगळे कपडे थडग्यापाशी जाळले, फांगदादा. रिवाजाप्रमाणे. माझ्या हाताने."

अशा तेरा रात्री गेल्या.

तीन जून, सोमवार. दुसरा सातवा. गेलेल्या माणसासाठी दर सातव्या दिवशी पैसे म्हणून कागद जाळतो ना आपण, तो. फांगला वाटलं, बाई माझ्या घरात राहिली, एक मूठभर कागद तरी जाळावा. साडेनऊला तो गल्लीच्या तोंडाशी गेला. कागद जाळायच्या जागेभोवती वर्तुळ काढायला हाताशी खडू नव्हता. मशीनच्या खणात तिच्या निळ्या खडूचा एक तुकडा सापडला, तो घेतला. रस्त्यावर वर्तुळ काढलं. त्याला एक तोंड ठेवायचं असतं, थडग्याच्या दिशेला, तुम्हाला माहीत आहे. म्हणजे ज्याचं त्याला तिकडून येऊन नेता येतं आणि तिकडेच परत जाता येतं.

फांगच्या डोक्यात डबा होता. उशीर होत होता, पोर उभी असेल. त्याने वर्तुळाचं तोंड शाळेच्या बाजूला ठेवलं.

खडू वर्तुळातच विसरला.

डबा घेऊन पळत पळत तो कुंपणापाशी पोहोचला तेव्हा दहा वाजून दोन मिनिटं झाली होती. लानशिन गजांपाशीच होती. हसत होती. दोन आठवड्यांत तो तिला पहिल्यांदा हसताना पाहत होता.

"काका, तुम्ही कशाला आलात? आई आलीय की."

...

"कोण?"

"आई! आत्ताच गेली. तुमच्याच बाजूने. गल्लीत भेटली नाही?"

गल्ली सरळ आहे. एक दिवा आहे. फांगला कुणी भेटलं नव्हतं.

"काही... काही बोलली?"

"जास्त नाही. घसा बसलाय तिचा. धुराने, म्हणाली. गावाकडे गव्हाची काडं जाळतात ना या दिवसांत." मग पोरीने नाक उडवलं. "एवढ्या उकाड्यात एप्रन घालून आली होती. तुम्ही सांगा तिला, माझं ऐकत नाही ती."

फांग डबा हातात धरून परत आला. गल्लीच्या तोंडाशी वर्तुळ होतं. कागदाची राख होती.

खडू नव्हता.

"आजोबा... भूत इंग्रजी शब्द विचारतं?"

गप, रोंग. ऐक.

त्याला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. अभ्यासाने होतो कधीकधी. किंवा कुणीतरी सांगितलं आणि तिला ते सोसवलं नाही. म्हणून चार तारखेला, मंगळवारी, तो साडेनऊलाच गेला आणि पलीकडच्या भंगाराच्या तीनचाकीमागे बसला. तिथून कुंपण दहा पावलांवर.

दहाला दहा कमी. घंटा झाली.

लानशिन आली. कुंपणाबाहेर कुणीच नव्हतं. रस्ता रिकामा. कुंपणाला लागून गवत, तेही हलत नव्हतं.

पोर गजांना टेकून उभी राहिली. थोडं थांबली. मग एक इंग्रजी शब्द म्हणाली. त्याची अक्षरं म्हणाली. एकेक.

थांबली.

दुसरा शब्द. अक्षरं.

थांबली.

आणि त्या थांबण्यात फांगने ऐकलं... कागदावर खडू घासल्याचा आवाज. अगदी बारीक.

दर शब्दाला.

मग तिने उतारा वाचायला घेतला. आवाज स्वच्छ, एका लयीत. मध्येच ती अडखळली. श्वास घेतला. पुढे गेली... आणि गप्प झाली. मान वर केली. कुणीतरी बोलत असावं, तसं ऐकत राहिली.

"हो," ती म्हणाली. "इथे नाही कळलं. परत वाचते."

हवेत जळक्या कापडाचा वास आला.

फांग उठला नाही. मला म्हणाला, "रेन, भीती वाटली असं नाही. लाज वाटली. मी मेलेल्या बाईच्या नावाने बोलत होतो, आणि तिलाच यावं लागलं."

पाच तारखेलाही तेच. सहा तारखेला, परीक्षेच्या आदल्या रात्री, फांग पानात बांधलेल्या भाताच्या पुड्या घेऊन उघडपणे गेला. दुसऱ्या दिवशी नौकांचा सण होता. लानशिन एकटीच होती. तिने पुडी घेतली.

"आई उद्यापासून नाही येणार, काका. वहीची पानं संपली म्हणाली." मग जरा वेळाने, "मी तिला सांगितलं, आता मी रागावलेली नाही. बरं केलं ना?"

फांग म्हणाला, "बरं केलंस."

त्या सतरा दिवसांत तो बोलला त्यातलं हे एकच खरं.

आठ जून, शनिवार. शेवटचा पेपर इंग्रजीचा. पाच वाजता फाटक उघडलं. पोरं ओरडत, पुस्तकं उडवत बाहेर आली. लानशिन बापाला बघून धावत आली, "बाबा, उतारे सगळे कळले! एकही अडला नाही! आई कुठेय?"

बाप रस्त्यातच खाली बसला आणि त्याने सांगितलं.

ती म्हणाली, "खोटं." दिंग बाईंकडे पाहिलं. मग फांगकडे. "काका, तुम्ही सांगा."

फांगने मान खाली घातली. तेवढ्यावरून ती समजली.

रडली नाही. तिने विचारलं, "कोणत्या तारखेला?" बापाने सांगितलं. तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे तेरा दिवस मी तिच्यावर रागावले होते," ती म्हणाली. "ती नव्हती, आणि मी रागावले होते. तुम्ही मला रागावू दिलंत."

त्यानंतर फांगशी ती कधी बोलली नाही. तिला हव्या त्या ठिकाणी प्रवेश मिळाला, ती शिकली, आता कुठेतरी दक्षिणेला शिकवते म्हणतात. दर वसंतात थडगी झाडायच्या दिवशी फांग तिच्या आईसाठी कागद जाळायचा, वर्तुळाचं तोंड नीट बघून, दोनदा बघून. आणि मरेपर्यंत मला विचारायचा तेच, जे मी तुम्हाला सुरुवातीला विचारलं.

आठ जूनच्या त्या रात्री लानशिन फांगच्या घरी, आईच्या खोलीत, मशीनपाशी बसून राहिली. रात्रभर दिवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नऊ जूनला, साडेपाचच्या सुमारास ती एकटी पश्चिमेकडच्या कुंपणापाशी गेली. बाप आणि फांग मागोमाग गेले. डबा द्यायचे त्या दोन गजांमध्ये वही अडकवलेली होती. तिच्या कडा काळ्या झाल्या होत्या. बापाने ती ओळखली. लानशिनने पानं उलटली. प्रत्येक शब्दापुढे निळ्या खडूची खूण होती, शेवटच्या पानावरच्या शेवटच्या शब्दापर्यंत.