ओदीलने रोवलेले क्रूस

व्हालनोआर गावात कुणाची मयत निघाली की ती वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर थांबायची आणि कुंपणाच्या मुळाशी काटक्यांचा एक क्रूस रोवला जायचा. गेलेल्या माणसाने वाट चुकू नये म्हणून. पण ओदीलचा नवरा फिर्मां वारला तो शहरातल्या इस्पितळात, आणि मोटारीने त्याला नव्या रस्त्याने थेट टेकडीवरच्या कबरस्तानात नेलं. क्रूस राहूनच गेले.

"माझा भाऊ तिथे पोचलाय तरी का, देव जाणे," नणंद लेओंतीन दुसऱ्याच दिवशी म्हणाली. "आणि तू रडलीसही नाहीस गं. दगड आहेस नुसती!"

ओदीलला राग आला नाही. तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तशी ती घरात वावरत होती. तरी नवऱ्याला निदान विसावा मिळावा, एवढं मनात होतं. दुपारी ती कबरीवर फुलं ठेवायला गेली आणि येताना तीन क्रूस रोवत आली. एक चॅपलखालच्या फाट्यावर, एक गिरणीच्या पुलाशी, एक धुण्याच्या कुंडाजवळ. ओढ्यातून धुकं वर चढत होतं. मागे ओल्या पानांवर काहीतरी वाजत होतं. ती थांबली की तेही थांबत होतं. तिने वळून पाहिलं नाही.

लेओंतीन चुलीपाशी विणत बसली होती.

"रोवलेस?"

"हो, ताई."

"घरापासून सुरुवात केलीस ना?"

"नाही... कबरीपासून. येताना वाटेतच होते सगळे फाटे."

लेओंतीनच्या सुया थांबल्या.

"अगं बाई... म्हणजे तू त्याला घरची वाट दाखवलीस... जा, उपटून ये. आत्ताच्या आत्ता."

ओदीलने दार उघडलं. उंबऱ्याबाहेर फरशीच्या फटीत एक क्रूस उभा होता. ओल्या काटक्या, गवताने बांधलेल्या.

"हा... हाही तूच?"

"मी तीनच केले होते, ताई."

लेओंतीनने शाल ओढली आणि मागच्या दाराने तडक निघून गेली. तिला हाक मारावी असंही ओदीलला वाटलं नाही.

निजायच्या खोलीत ओल्या मातीचा वास होता. पलंगाशी, फिर्मांच्या बाजूला, फळ्यांच्या फटीत आणखी एक क्रूस होता. ओदील भीती वाटायची वाट पाहत उभी राहिली. भीती आली नाही. मग तिने बूट काढले आणि भिंतीकडे सरकून ती आडवी झाली.

थोड्या वेळाने गादी दुसऱ्या बाजूने हळूच दबली. आणि तेव्हा कुठे ओदीलला रडू फुटलं.