शामालदू खिंडीत वारा शून्य

"पुढे मी बसणार," एसेन म्हणाला.

"मागच्या वेळी पुढे बसलास आणि आपण तिघंही शेणाच्या ढिगात गेलो," मिर्झात म्हणाला. "घसरगाडी माझी आहे. पुढे मी."

"तू पुढे बसलास तर मागच्यांना दिसणार काय? तुझी पाठ?"

घसरगाडीची दोरी बेरमेतच्या हातात होती, पण तिचं लक्ष या भांडणात नव्हतं. ती मान वर करून डोंगराकडे बघत होती. हिवाळ्याची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती, उतारावर छान बर्फ होतं, आणि ही मुलगी ठोंब्यासारखी उभी!

"बेरमेत, तूच सांग. पुढे कोण?"

"कुणीच नाही," ती म्हणाली. "शिखर बघा."

शिखरावरून पांढरा धूर निघत होता. खरा धूर नव्हे, वाऱ्यानं उडवलेलं बर्फ. पांढऱ्या घोड्याच्या शेपटीसारखं ते लांबच लांब उडत होतं. खाली गावात धुराड्यांचा धूर वर चढायचं सोडून छपरांवर लोळत होता, आणि मेंढ्या भर दिवसा गोठ्याच्या दाराशी दाटी करून उभ्या होत्या.

"वादळ येतंय," बेरमेत म्हणाली. "आणि आज दुपारी बाबा पलीकडून निघणार आहेत. गाडीभर माणसं घेऊन."

तिचे बाबा, तालाय, पलीकडच्या नारीन शहरातून खिंड ओलांडून प्रवासी आणायचे. शिखरानं धूर सोडला की गाडी सोडायची नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. पण पलीकडच्या बाजूनं शिखर दिसतच नाही, मध्ये डोंगराचा खांदा येतो. तिकडच्या चालकांना दिसतो तो फक्त दिवा. गावाच्या बाजूला, खिंडीच्या तोंडाशी, एक यंत्र वारा मोजतं. तो फार झाला की दोन्ही बाजूंचे लाल दिवे आपोआप लागतात आणि रस्त्यावरचे दांडे खाली येतात. लाल दिवा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे चला.

एसेननं हातमोजा काढून फोन बघितला. "शामालदू खिंड. वारा शून्य. रस्ता खुला."

"शून्य? शामालदू म्हणजेच वाऱ्याची खिंड," बेरमेत म्हणाली. "तिथे शून्य?"

"उन्हाळ्यात मी तिथे थुंकलो होतो," मिर्झात म्हणाला, "तर माझंच माझ्या तोंडावर आलं."

"काल किती होता बघ," बेरमेत म्हणाली.

एसेननं बोट फिरवलं. "शून्य. परवा शून्य. त्याच्या आधी शून्य. अगं, महिनाभर वारा शून्यच आहे."

बेरमेतनं बाबांना फोन लावला. बंद. थंडीत त्यांच्या फोनचा जीव नेहमीच जायचा. तिनं दोरी मिर्झातच्या हातात दिली. "तुझा घोडा आण. चौकीवर जायचंय."

रस्त्याची चौकी गावाच्या वर, खिंडीच्या तोंडाशी होती. एका घोड्यावर तिघं म्हटल्यावर घोड्यानं दोनदा मागे वळून बघितलं.

"त्याला सांग, मी हलका आहे," एसेन म्हणाला. "तक्रार मिर्झातबद्दल असेल."

चौकीजवळ पोहोचेपर्यंत वारा असा सुटला की घोडा त्याला पाठ देऊन उभा राहिला, पुढे जाईना. मुलांनी त्याला चौकीशेजारच्या छपराखाली बांधलं आणि दार ठोठावलं.

आत कुबात काका शेगडीला पाय लावून टीव्ही बघत बसले होते. चौकीचे मुख्य तेच. दिव्यांचा फळा त्यांच्या डोक्यावर भिंतीवर होता आणि त्यात हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

"काका, वादळ येतंय," बेरमेत म्हणाली. "पलीकडे फोन करून दांडा पाडायला सांगा ना. बाबा निघतील आता."

"कसलं वादळ? मशीन शून्य सांगतंय."

"पण शिखर धुमसतंय. बाहेर येऊन बघा तरी."

"पोरी, तुझा डोळा मशीनपेक्षा मोठा का?" काकांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "मशीन सांगेल तेव्हा दांडा पडेल. पोरांच्या सांगण्यावर रस्ते बंद करायला लागलो तर ट्रकवाले माझी चामडी सोलतील."

"मशीन बिघडलं असेल."

"बिघडलेलं नाही. आणि त्या चिंध्या सोडायचं पाप मी का डोक्यावर घेऊ? लोकांची श्रद्धा असते. दार लावा, गारठा येतोय. खांबापाशी दिसलात तर फावडं घेऊन मागे लागेन."

दार लागलं.

"कसल्या चिंध्या?" मिर्झातनं विचारलं.

बेरमेत चौकीला वळसा घालून मागे गेली आणि जागीच थांबली. टेकाडावर वारा मोजायचा खांब होता. खांब कसला, झुडूपच ते! बुडापासून टोकापर्यंत कापडाच्या पट्ट्या. लाल, निळ्या, पांढऱ्या, फुलाफुलांच्या. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बांधलेल्या. पूर्वी त्या खिंडीतल्या जुन्या आर्चाच्या झाडाला बांधत. रस्ता रुंद करताना ते झाड तोडलं आणि लोक कुरकुरायला लागले, तेव्हा कुबात काकांनीच हात झटकून सांगितलं होतं, बांधा त्या खांबाला, पण माझं डोकं खाऊ नका. लोकांनी बांधल्या. जितकी उंच तितकी चांगली, म्हणून ट्रकच्या टपावर चढून बांधल्या. आणि सगळ्यात वर, जिथे वाऱ्यानं फिरणाऱ्या वाट्या होत्या, तिथे चिंध्यांचा गोठलेला गोळा झाला होता. वारा किंचाळत होता आणि वाट्या मात्र मेल्यासारख्या गप्प होत्या.

बेरमेतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्र अडकलंय हे काकांना माहीत होतं. महिनाभर माहीत होतं! वारा शून्य म्हणजे दिवा हिरवा, दिवा हिरवा म्हणजे दांडा वर, दांडा वर म्हणजे कुणी भांडायला येत नाही आणि टीव्ही नीट बघता येतो. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?

"मी वर जाते," ती म्हणाली. "मिर्झात, चाकू दे."

"खांब त्याच्या खिडकीसमोर आहे," मिर्झात म्हणाला. "फावडं ऐकलंस ना?"

"तो खिडकीकडे बघणार नाही," एसेन म्हणाला. "त्याला तोगुझ कोरगूलमध्ये, त्या गोट्यांच्या खेळात, हरवलेलं अजिबात चालत नाही. मागच्या वर्षी सापार आजोबांशी हरला तर पट उलटून निघून गेला. मी जातो खेळायला."

"तुला जिंकता येईल?"

"जिंकायचं कशाला? जिंकतोय-जिंकतोय असं दाखवत राहायचं."

तो आत गेला. खिडकीतून दिसलं, आधी काकांनी नकाराची मान हलवली, मग एसेन काहीतरी बोलला, आणि काकांनी टीव्ही बंद करून नऊ-नऊ खळग्यांचा पट ओढला. एसेननं बसताना काकांची पाठ खिडकीकडे होईल अशी जागा घेतली. पोरगा बेरकी होता.

खांबाला लोखंडी पायऱ्या होत्या, पण चिंध्यांखाली त्या दिसत नव्हत्या. बेरमेत चाचपडत चढली. घसरगाडीची सोडून आणलेली दोरी तिनं कमरेला बांधली होती आणि खालून मिर्झातनं तिचं दुसरं टोक घट्ट धरलं होतं. निम्म्यावर गेल्यावर तो ओरडला, "बेरमेत, दुसऱ्यानं बांधलेली गाठ सोडली की त्याच्या वाटेचं संकट आपल्याला लागतं म्हणे. माझी आजी सांगते."

"लागू दे," ती वरून म्हणाली. "बाबांच्या वाटेचं लागलं तर बरंच."

वर वारा तोंडात शिरून श्वास घेऊ देत नव्हता. चिंध्या बर्फानं लाकडासारख्या कडक झाल्या होत्या. गाठी सुटणं शक्यच नव्हतं. तिनं दातांनी हातमोजा ओढून काढला आणि चाकू चालवला. एक पट्टी, दुसरी, तिसरी. बोटं आधी जळली, मग कुणा दुसऱ्याचीच असावीत तशी झाली. वाट्या हलेनात. अगदी आत, आसाभोवती, एक निळी पट्टी आवळून बसली होती. त्यावरची पांढरी फुलं तिनं ओळखली. तिच्याच जुन्या झग्याची पट्टी. बाबा सुखरूप यावेत म्हणून तिनं एका ट्रकवाल्या काकांना हात जोडून अगदी वर बांधायला लावली होती.

आता ती स्वतःवरही चिडली, रस्त्यावर चिडली, झाड तोडणाऱ्यांवर आणि खांब दाखवणाऱ्यावर चिडली. डोळ्यांत पाणी आलं आणि पापण्यांवर गोठलं. तिनं चाकूचं टोक पट्टीखाली घातलं आणि सगळा राग त्या हातात आणून ओढलं.

वाट्या करकरल्या. एकदा फिरल्या. मग अशा फिरायला लागल्या की दिसेनाशा झाल्या.

चौकीत घंटा वाजायला लागली. रस्त्यावरचा दांडा धाडकन खाली आला.

मिर्झातनं तिला जवळजवळ झेलतच खाली घेतलं. दोघं धावत आत शिरले तेव्हा कुबात काका फळ्यासमोर उभे होते, गोट्या जमिनीवर सांडल्या होत्या, आणि लाल दिव्याचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला होता.

"बिघडलं," काका म्हणत होते. "मशीन बिघडलं. एवढा वारा असतो का कुठे?" त्यांनी दांडे वर उचलायच्या खटक्याकडे हात नेला.

"काका," एसेन पटावरून न उठता म्हणाला, "तुमचा डोळा मशीनपेक्षा मोठा का?"

हात हवेतच राहिला.

"उचला ना," बेरमेत म्हणाली. "उचला. पण मग पलीकडच्या प्रत्येक माणसाला तुम्हीच फोन करून सांगा, की वारा किती आहे ते मी बघितलं आणि तरी दांडा उचलला. माझ्या बाबांपासून सुरुवात करा."

तेवढ्यात फोनच वाजला. पलीकडच्या चौकीचा माणूस इतक्या जोरात बोलत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. "कुबात, अरे काय हे? महिनाभर शून्य आणि आज एकदम लाल? तालायची गाडी निघाली होती, दांडा तिच्या नाकासमोर पडला. शिव्या देतोय तो मला. काय सांगू त्याला?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीत आता काहीच नव्हतं. खांब नव्हता, टेकाड नव्हतं, रस्ता नव्हता. नुसतं पांढरं, आणि ते आडवं धावत होतं.

"थांबव त्याला," काका म्हणाले. "वादळ आहे."

बेरमेत शेगडीपाशी बसली आणि तिची बोटं दुखायला लागली. बोटं दुखणं चांगलं, मिर्झात म्हणाला, दुखली नाहीत तर काळजी. मग तो बाहेर जाऊन घोड्याला आतल्या पडवीत घेऊन आला. काकांनी चहा केला, पाव आणि लोणी पुढे ठेवलं, आणि गावात फोन करून पोरं माझ्याकडे आहेत असं कळवलं. माफी मात्र मागितली नाही. मोठ्या माणसांच्या घशात तो शब्द फार अडकतो.

त्याच दुपारी खिंडीतल्या मोठ्या वळणावर डोंगरावरचं बर्फ घसरून रस्त्यावर आलं. गाडी निघाली असती तर त्याच सुमारास तिथे पोहोचली असती.

रस्ता मोकळा झाला तशी तालायची गाडी गावात आली. त्यांनी बेरमेतला उचललं, तिची काळीनिळी बोटं बघितली आणि ती आपल्या कोटात घेतली. गाडीतल्या प्रवाशांनी मिळून मेंढा कापला आणि गावाला जेवण दिलं. जेवणाआधी खांबावरच्या उरलेल्या चिंध्या माणसांनी स्वतःच्या हातांनी उतरवल्या आणि यंत्रापासून लांब, रस्त्याकडेला एक लाकडी खांब त्यांच्यासाठी रोवला.

जेवायला कुबात काकाही आले होते. चांगल्या जागी बसले होते. पोट भरत आल्यावर त्यांनी चहाची वाटी उचलली आणि म्हणाले, "काही म्हणा, आमच्या यंत्रणेनं वेळेवर काम केलं. मी नेहमी सांगतो, मशीनवर विश्वास ठेवा."

एसेनच्या घशात घास अडकला. मिर्झातनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. बेरमेत कुबात काकांकडे बघत राहिली. त्यांचा चेहरा अगदी निवांत होता, झोप पूर्ण झालेल्या माणसासारखा.

मेंढ्याचं डोकं गावातल्या सर्वांत वडील माणसापुढे, सापार आजोबांपुढे ठेवलं होतं. त्यांनी सुरी घेऊन एक कान कापला. कान नेहमी मुलांना देतात, त्यांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून.

"बेरमेत, इकडे ये," आजोबा म्हणाले. "शाब्बास, पोरी. तुम्ही तिघांनी गावाची लाज राखलीत. हा कान घे. अशीच मोठ्यांचं ऐकत राहा."

बेरमेतनं दोन्ही हातांनी कान घेतला. मान लववली. मग ती सगळ्या माणसांसमोरून चालत गेली आणि तो कान तिनं कुबात काकांच्या ताटात ठेवला.

"हा तुमचा आहे, काका," ती म्हणाली. "मी ऐकतेच. ऐकायचं तुमचं राहिलंय."

मोठ्या माणसाला, तेही भर पंगतीत, असं बोलल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. कुबात काका लाल झाले आणि आजोबांकडे बघायला लागले, की आता हे हिला चांगलं झापतील.

सापार आजोबांनी सुरी पुन्हा उचलली. सावकाश दुसरा कान कापला. सगळ्यांना वाटलं, हा एसेनला नाहीतर मिर्झातला मिळणार. आजोबांनी तो स्वतःच्या ताटात ठेवला.

"खा, कुबात," ते म्हणाले. "मीही खातोय. त्या खांबावर एक चिंधी माझीही होती."