वेलबुट्टीची अक्षरं

सगुणा नौपाड्यातल्या त्या डीटीपीच्या दुकानात शिरली ती थोरल्या बहिणीची लग्नपत्रिका घेऊन. साल त्र्याण्णव. चेंदणी कोळीवाड्यातून भर उन्हात चालत आलेली, कपाळावर घाम... आणि कॉम्प्युटरपुढे बसलेला सावळा मुलगा वर न बघताच म्हणतो, "फॉन्ट साधाच घालू. वाचता आला पाहिजे."

"मला वेलबुट्टीचा हवाय. शेपट्या असलेला."

"तुमच्या आजीला वाचता येईल का तो?"

"आजीला वाचताच येत नाही. तिला नुसतं छान दिसायला हवं."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली... आणि हसला. चांगदेव त्याचं नाव, राहायला मोहन्याला. पत्रिका वेलबुट्टीतच निघाली. मालक शिवरामशेठना टायपिंग येणारी मुलगी हवीच होती. पुढच्या महिन्यात सगुणा चांगदेवच्या शेजारच्या खुर्चीत!

मशीन चालू केलं की एक फॉन्ट आपोआप समोर यायचा. कुणी बदलला नाही, तर दिवसभराचं काम त्यातच निघायचं. हा आपोआपचा मान कुणाच्या लाडक्याला द्यायचा, यावर दोघांचं रोज भांडण. सगुणा आधी येऊन वेलबुट्टी लावून ठेवायची, चांगदेव चहा पिता पिता साधा परत आणायचा.

"नटवी!"

"रेशनकार्ड!"

असं छान चाललेलं. मग आली मालन.

कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती चष्म्याचे नंबर काढायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घरी न्यायचा कागद तिला करून हवा होता — थेंब कधी घालायचे, किती घालायचे. चांगदेव खुललाच. नमुन्याचा कागद भिंतीला चिकटवायचा आणि मालन एकेक पाऊल मागे सरकायची.

"आता?"

"दिसतंय."

"आणि... आता?"

"थोडं जाड करा ना. हं! नजर छान आहे हो तुमची, चांगदेव."

नजर छान! सगुणाने नवे कानातले घातले, तेव्हा कुठे होती ही नजर? तिच्या बोटांखाली कुणाच्या तरी पत्रिकेतल्या 'श्री गणेश प्रसन्न'चं पार पोतेरं झालं.

"जळका वास येतोय का गं कुठून?" चांगदेवने हळूच विचारलं.

"तुझ्या डोक्यातून येत असेल."

दुपारी तो जेवायला गेला. कागद तयार होता, फक्त झेरॉक्सला द्यायचा होता. सगुणाने फाइल उघडली आणि ती जाड, सरळ, मालनला आवडलेली अक्षरं एका झटक्यात वेलबुट्टीत नेली. 'सुंदर तर दिसतंय,' तिने स्वतःला सांगितलं, आणि गठ्ठा स्वतःच दवाखान्यात देऊन आली.

आठवड्याने मालन आली ती गठ्ठा परत घेऊनच. "अहो, पेशंटना एक अक्षर लागत नाहीये. चांगदेव, तुमच्या आत्यासुद्धा थेंब अंदाजाने घालत होत्या. डोळा लालबुंद झालाय. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं."

शिवरामशेठ आतून बाहेर आले. सगुणाने तोंड उघडण्याआधीच चांगदेव म्हणाला, "माझं चुकलं, शेठ. फॉन्ट बघायचा राहिला." तिच्याकडे न बघता म्हणाला. शेठ यथेच्छ बोलले. त्याने ऐकून घेतलं.

दुकान रिकामं झाल्यावर सगुणाला राहवेना. "ते मी केलेलं. मुद्दाम."

"माहितीये."

"आत्यांचं ऑपरेशन तिथे झालंय, हे मला ठाऊक नव्हतं रे..."

"दुसऱ्या कुणाची आत्या असती तर चाललं असतं?"

ती एका दमात बोलून मोकळी झाली, "तू 'आता?' म्हटलं की ती मागे सरकायची, आणि तू असा हसत बसायचास. मला नाही बघवत. बस्. सांगितलं."



"सगुणा, मला लहानाचं मोठं केलंय आत्याने. राग आलाय मला तुझा."

"मग ओरड ना!"

"ओरडता येत नाहीये..." तो पुटपुटला. "तोच तर वैताग आहे."

सगुणाने मशीनकडे तोंड फिरवलं. सगळा कागद नव्याने केला — साधा, जाड, मोठ्ठा. मग पर्स उचलली. "मोहन्याला येते मी तुझ्याबरोबर. आत्यांना माझ्या तोंडाने सांगते."

भीमाबाई आत्या दारात खाटेवर बसलेल्या. कागद हातभर लांब धरून त्यांनी सावकाश वाचलं, "सकाळी... दोन थेंब... हां, आता कसं!"

"आत्या, आधीचा कागद मी बिघडवला. जळून."

"कोणावर गं?"

"चष्मेवालीवर."

आत्यांनी आधी भाच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "अन् ह्याच्यापायी? ह्या येड्यापायी?" त्या हसल्या, मग थांबल्या. "पोरी, तू कोळ्यांची, आम्ही बौद्ध. तुझ्या घरी चालंल?"

"आधी ओरडतील."

"अन् मग?"

सगुणाने चांगदेवकडे बघितलं. आता मात्र तो बघत होता — कानातल्यांपासून पायातल्या धुळीपर्यंत, सगळं. "मग... हा येईल समजवायला. रविवारी बाबा घरी असतात. येशील ना रे?"

चांगदेवने उत्तर द्यायच्या आधी घाईघाईने थेंबांची बाटली उचलली, आत्याची मान मागे केली आणि म्हणाला, "सकाळीच येतो."

थेंब गालावर पडला.

"डोळा हिकडं हाय, बाबा," आत्या म्हणाल्या. "तिला मग बघ."