सोडलेला भात

"माझं नाव ह्यात न्हाई," विमलाबाई म्हणाल्या, आणि हातातला कागद त्यांनी रविराजच्या लॅपटॉपसमोर तळहाताने दाबून धरला.

व्हिएतनामच्या सहलीचा तो कागद. आठ दिवस, चार माणसं... मुलगा, सून, सहा वर्षांची नात मैत्री आणि स्वतः विमलाबाई. पाचव्या दिवशी खेड्यातली भातशेती बघायची आणि तिथल्याच एका घरी स्वयंपाक शिकायचा, असा कार्यक्रम होता, आणि त्यापुढे नावं दोनच होती. विमलाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण नव्या पासपोर्टावर बघून बघून आपल्या नावाचा आकार त्यांना पाठ झाला होता. तो आकार त्या ओळीत नव्हता.

"त्या दिवशी तू मैत्रीला घेऊन रूमवर थांबणार ना," रविराज मान वर न करता म्हणाला. "आणि तो क्लास सगळा राइसचा आहे, आई. तुला कुठे भात चालतो?"

सून ऋतिका बॅग भरत होती. तिने सांगितलं की छोटा कुकर घेतलाय, मूगडाळ घेतलीय, मैत्रीला तिकडचं जेवण झेपायचं नाही, तेव्हा आईंनी रूमवरच खिचडी टाकावी. ती हे वाईट मनाने बोलली नाही. या घरात वाईट मनाने कुणीच काही करत नव्हतं, तेच तर दुखणं होतं.

"म्हंजे इमानात घालून मला पुन्हा वट्ट्याम्होरंच उभी करणार," विमलाबाई म्हणाल्या. "माझं नाव घाला. न्हाईतर तुम्ही जा, मी येत न्हाई."

रविराजने आता वर पाहिलं. चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्याने आईच्या तोंडून 'माझं' हा शब्द कधी ऐकलाच नव्हता.

भात चालत नाही... केवढं सोयीचं वाक्य. त्याखाली एका बाईचं अंतःकरण अठ्ठावीस वर्षं दाबून ठेवलं होतं, आणि ते दाबणाऱ्या कुणालाही आपण काही दाबतोय याची जाणीवसुद्धा नव्हती.

हिंजवडी तेव्हा गाव होतं. पावसाळ्यात भाताची खाचरं पाण्याने तुडुंब भरत, आणि विमलाबाई गुडघाभर चिखलात रोपं लावत, आवणी करत. आंबेमोहोराचा गरम भात आणि वर दूध, एवढं मिळालं की त्यांना दुसरं काही नको असायचं. मग सहा वर्षांच्या रविराजचा ताप मेंदूत गेला. नऊ दिवस पोरगं डोळे उघडेना. दहाव्या दिवशी विमलाबाई दवाखान्यातून अनवाणी निघाल्या, गावच्या म्हातोबापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पोर उठू दे, मी भात सोडला. रविराज उठला. त्या दिवसापासून भात नाही, पोहे नाहीत, तांदळाची भाकरी नाही, प्रसादाचं शीतसुद्धा नाही.

ही गोष्ट एकट्या दुर्गाबाईंना ठाऊक होती. या त्यांच्या थोरल्या नणंद, लोणी काळभोरला दिलेल्या. त्या दिवशी त्या देवळात सोबत होत्या. नवरा गेनबा आपल्याला हसेल म्हणून विमलाबाईंनी त्याला सांगितलं नाही, आणि लेकराच्या डोक्यावर कसलं ओझं नको म्हणून लेकराला सांगितलं नाही. गेनबा मरेपर्यंत चारचौघांत म्हणत राहिला की भाताच्या गावात राहून हिला भात नको, माज आलाय. शेजारणी म्हणाल्या, पोटात काहीतरी असेल. रविराज मोठा झाला तो 'आईला भाताचं वावडं आहे' हे ऐकतच. आणि विमलाबाई रोज दोन वेळा भात रांधत राहिल्या... वासावर आणि दोन बोटांत शीत दाबून, कधीही न चाखता.

दुर्गाबाई म्हणायच्या, ज्याच्यासाठी सोडला त्यानं आपल्या हातानं घास दिला की नवस फिटतो, सांग की पोराला. विमलाबाईंचं उत्तर ठरलेलं असे. मागून घेतलेला घास नको, तो विचारेल एक दिवस. आई, तू भात का खात नाहीस, एवढंच विचारायचं होतं त्याने. मुलाने इंजिनियरिंगच्या परीक्षांत हजार प्रश्नांची उत्तरं लिहिली, पण हा एक प्रश्न त्याला कधी पडला नाही.

शेवटी कागदावर तिसरं नाव चढलं. मैत्रीचंही चढलं, कारण रूमवर थांबायला आता कुणी उरलं नव्हतं.

व्हिएतनाममधल्या होई आन गावाबाहेर हिरवीगार भातशेती होती. बाकीचे पर्यटक सायकलींवर होते, विमलाबाई आणि मैत्री रेड्याच्या गाडीत. बांधावर सगळ्यांना शंकूसारख्या टोप्या दिल्या गेल्या, हातात रोपांची एकेक जुडी दिली गेली. पाण्यात एक पाऊल ठेवायचं, फोटो काढायचा आणि बाहेर यायचं, अशी ती शेती.

विमलाबाईंनी नऊवारीचा काष्टा वर ओढला आणि त्या सरळ खाचरात उतरल्या. चिखल पोटऱ्यांना लागला, आणि आत कुठेतरी वर्षानुवर्षं आखडून बसलेलं काहीतरी सैल झालं. त्या वाकल्या, जुडी डाव्या हातावर घेतली आणि मागे मागे सरकत आवणी करू लागल्या... एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. ज्या घरी स्वयंपाक शिकायचा होता, तिथली मालकीण लिएन पन्नाशीची, रापलेली बाई होती. ती बांधावरून बघतच राहिली, मग हसून स्वतः खाली उतरली आणि शेजारची ओळ धरली. एकीला दुसरीचा एक शब्द कळत नव्हता. गरजही नव्हती.

रविराज बांधावरून हळू आवाजात सांगत होता की आई बास, लोक शूटिंग करतायत. विमलाबाईंनी ऐकलं आणि हात थांबवला नाही. त्यांची स्वतःची खाचरं गेनबाने त्यांना न विचारता विकली होती. आज तिथे कंपनीच्या बसगाड्या उभ्या राहतात, आणि त्याच कंपनीच्या फाटकातून गळ्यात ओळखपत्र अडकवून त्यांचा मुलगा रोज आत जातो. चिखलाची लाज कुणाला वाटायला हवी आणि कुणाला नाही, हे ठरवायला त्यांना आता कुणाची परवानगी नको होती.

मग स्वयंपाक सुरू झाला. भिजवून वाटलेल्या तांदळाचं पातळ पीठ, उकळत्या भांड्यावर ताणून बांधलेलं फडकं, त्यावर पळीभर पीठ फिरवायचं, झाकण ठेवायचं आणि शिजलेला पापुद्रा बांबूच्या काडीने अलगद उचलायचा. परदेशी पाहुण्यांचे पापुद्रे फाटले. ऋतिकाच्या पापुद्र्याला मधोमध भोक पडलं, आणि आंबवलेल्या मासळीच्या पाण्याच्या वाटीने तर तिला नाकाला रुमाल लावायला लावला. विमलाबाईंना त्यात आठवडे बाजारातल्या सुकटीचा वास आला आणि बरं वाटलं. त्यांचा पापुद्रा अखंड उतरला. का नाही उतरणार? दर चैत्रात तांदळाच्या फेण्या वाफवून त्यांनी डबे भरले होते. घराने त्या तळून खाल्ल्या होत्या, आणि त्यांनी एक तुकडासुद्धा तोंडात टाकला नव्हता.

लिएनने भाजी भरून गुंडाळी केली आणि ती विमलाबाईंपुढे धरली. करणाऱ्याने आधी चाखायचं, असा तिच्या चुलीचा नियम होता.

रविराज हसत मध्ये आला. "नो नो. माय मदर, ॲलर्जी. राइस ॲलर्जी."

"ऋतिका," विमलाबाई म्हणाल्या, "हिला सांग. मला कसलं बी वावडं न्हाई."

ऋतिका गोंधळली, पण तिने सांगितलं. मग विमलाबाई एकेक वाक्य बोलत गेल्या आणि ऋतिका त्याचं इंग्रजी करत गेली. पोराचा ताप, नऊ दिवस, अनवाणी चाल, म्हातोबा... चौथ्या-पाचव्या वाक्याला ऋतिका मध्येच थांबली. "कुठलं पोरगं, आई?" तिने विचारलं, जणू उत्तरात तिला दुसराच कुणी हवा होता. विमलाबाईंनी नुसती मान रविराजकडे वळवली. अठ्ठावीस वर्षांची गोष्ट मुलाला अशी कळली... परक्या मुलखात, परक्या बाईला सांगितली जात असताना, दोन भाषांमधून.

लिएनने गुंडाळी खाली ठेवली. तिने आग्रह केला नाही, फक्त पिठाने माखलेले ते हात आपल्या हातात घेतले. रविराजचे डोळे भरून वाहत होते. त्याने ती गुंडाळी उचलली आणि आईच्या ओठांजवळ नेली. मागून कुणीतरी मोबाईल वर धरला.

विमलाबाईंनी त्याचा हात खाली केला. "आत्ता न्हाई," त्या म्हणाल्या. त्याला कळलं होतं, पण त्याने विचारलं नव्हतं. या दोहोंतलं अंतर ज्या आईने अठ्ठावीस वर्षं मोजलं, तिला ते एका अश्रूत बुजवता येईना.

पुण्याला परतल्यावर रविराजने जे केलं ते फक्त आपल्याच लोकांना सुचू शकतं. त्याने सोहळा ठरवला. चौकात फ्लेक्स लागला, 'मातृऋण सोहळा', त्यावर रविराजचा फोटो मोठा आणि कोपऱ्यात, भाताच्या ताटाच्या बाजूला, विमलाबाईंचा छोटा. बंगल्यापुढे मांडव पडला. सगळी भावकी, चांदीचं ताट, ड्रोनवाला, आणि दुपारी साडेबाराचा मुहूर्त. मुलगा आईला सर्वांसमक्ष पहिला घास भरवणार. आणि घास कशाचा? केटररचा जिरा राइस. आईला कोणता भात आवडायचा, हेही कुणी विचारलं नाही.

दुर्गाबाई सकाळीच लोणीहून आल्या आणि नशीब काढलंस म्हणून त्यांनी भावजयीवरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. बारा वाजता विमलाबाई स्वयंपाकघरात गेल्या. पौडकडच्या एका बाईकडून त्यांनी आंबेमोहोर मागवून ठेवला होता. तो धुतला, पातेल्यात आधण ठेवलं, भात शिजवला. वास मांडवापर्यंत गेला असणार, पण तिथे स्पीकर चालू होता.

रविराज फेटा बांधून आत आला तेव्हा त्या जमिनीवर ताट घेऊन बसल्या होत्या. भात, वर दूध.

"आई, थांब... मी भरवणार आहे ना. सगळे खोळंबलेत बाहेर."

"त्यांना वाढ की. जिरा राइस हाय."

दुर्गाबाई धावत आल्या, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "विमल, आपल्या हातानं खाऊ नगं. नवस हाय. लेकराला लागंल त्ये."

विमलाबाईंचा हात थबकला. हाच तो धाक... याच धाकाने त्यांनी सणावाराला कोरडी भाकरी चावली होती, नवऱ्याचे टोमणे गिळले होते. समोर तेच लेकरू उभं होतं, धडधाकट, डोक्यावर फेटा. क्षणभर त्यांना तो सहा वर्षांचा दिसला, आणि काळीज पुन्हा तसंच व्याकूळ झालं.

"वन्सं," त्या सावकाश म्हणाल्या, "देवाला शबुद मी दिला व्हता, ह्यानं न्हाई. राग आला तर त्यो माझ्यावर येऊ दे, मी बघून घेईन. सोडताना मला कुणाचा हात लागला न्हाई. धरायला बी लागत न्हाई."

आणि त्यांनी घास घेतला.

डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. दुसरा घास घेतला. दुर्गाबाई उंबऱ्यातच मटकन बसल्या. ऋतिकाने जाऊन बाहेरचा स्पीकर बंद करायला लावला.

रविराज संतापला. दोनशे माणसांपुढे आता काय सांगू, तुझ्यासाठीच केलं सगळं, असं बरंच तो बोलला. आई जेवत राहिली. त्याचे शब्द हळूहळू संपत गेले, आणि शब्द संपल्यावर त्याला पहिल्यांदाच समोरचं दिसलं... आपली आई भात खाताना कशी दिसते हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने फेटा उतरवला. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"कसा लागतो, आई?" त्याने विचारलं.

विमलाबाईंनी घास गिळला आणि विचार केला, कारण प्रश्न खरा होता.

"चांगला झालाय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं तुम्ही जेवताना मी तोंडाकडं बघायची, कसा झाला असंल म्हणून. कुणी बोललं न्हाई. आज कळलं. चांगला करते की मी भात."

रविराजने तोंड ओंजळीत लपवलं. त्यांनी त्याला रडू दिलं, पण हात पुढे केला नाही. शेवटचं शीत बोटाने टिपून खाल्लं, मग म्हणाल्या, "पातेल्यात हाय अजून. ताट घे. आणि पाणी बी तुझं तूच घे."

तो उठला, आणि आपलं ताट शोधू लागला.