दहावी पिन

"एक कमी आहे. बदलून द्या!"

तो दुकानात शिरला तोच हे बोलत. ना नमस्कार, ना ओळख. पिठाने पांढऱ्या झालेल्या फडक्यात गुंडाळलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट त्याने तान्ह्या बाळासारखं काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जणू ती एक मीच पळवली होती.

"काय कमी आहे?" मी विचारलं.

"पिन! गेल्या आठवड्यात तुमच्या मामांकडून सगळे भाग नेले, आईसाठी स्वतः कॉम्प्युटर जोडला. चालूसुद्धा झाला! पण पुढचे यूएसबीचे पोर्ट मेलेले. उघडून बघतो तर त्यांची केबल जिथे लावायची तिथे दहाच्या जागी नऊच पिना. आणि केबलच्या प्लगचं एक भोक बुजलेलं. म्हणजे बोर्ड तुटका, प्लगही फुकट! माझ्या बेकरीत डझनात एक पाव कमी गेला तर मी तो घरी नेऊन देतो, वर माफी मागतो. एक कमी म्हणजे मालच खराब, नाही का?"

बेकरीवाला होय! तरीच दुकानभर गरम पावाचा वास सुटला होता. एवढ्या भांडकुदळ माणसाच्या अंगाला एवढा छान वास असू नये, असं मला वाटलं.

"इकडे या," मी टॉर्च उचलला. "वाका. अजून वाका. ही रिकामी जागा दिसली? इथली पिन तुटलेली नाही, ती इथे कधी नव्हतीच. आणि प्लगचं जे भोक बुजलंय ना, ते बरोबर याच जागेवर येतं. उलटा लावायला गेलात तर बसणारच नाही. दहाच्या दहा असत्या तर तुम्ही प्लग बिनधास्त उलटा लावला असता आणि आईंचा पेनड्राइव्ह जाळला असता."

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग सरळ झाला… कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल.

"म्हणजे एक मुद्दाम कमी ठेवलीय?"

"मुद्दाम."

"वा! ज्याने हे डोकं लढवलं त्याला माझ्याकडून डझनभर बन."

"आणि जिच्यावर उगाच ओरडलात तिला?"

"तिला… दोन डझन?" तो हसला. भट्टीचं दार उघडावं तशी ऊब आली त्या हसण्यातून, खोटं कशाला सांगू!

हे सगळं होत असताना माझा डावा हात कोटाच्या खिशात होता. गिऱ्हाइकासमोर तो तिथेच असतो. त्या हाताला जन्मापासून करंगळी नाही. शाळेत मला सगळे 'नऊ' म्हणायचे. मला त्याचं काहीच वाटत नाही, असं मी जगाला सांगते. पण मागे एकजण दुकानात रोज यायचा, गोड बोलायचा. एकदा त्याला हात दिसला आणि गॅरंटी संपल्यासारखा गडप झाला मेला. तेव्हापासून खिसा.

"आता घरी मीच लावतो," असं म्हणून बेकरीवाला गेला. दुसऱ्या दिवशी बनची पिशवी घेऊन हजर. "केबल पोचत नाही हो." तिसऱ्या दिवशी पुन्हा. "पोचली, पण हात धजत नाही." मग कधी कॅबिनेट घेऊन, कधी नुसतेच बन घेऊन, तो येतच राहिला.

मी म्हणायची, "ठेवा, मामा लावून देईल." तो म्हणायचा, "छे, मलाच शिकायचंय." आणि मामा पाठीमागून पुटपुटायचा, "याला प्लग लावता येत नाही, की लावायचाच नाहीये?"

मी मात्र त्याच्या कॅबिनेटवर फिदा झाले होते. आजवर शेकड्याने कॅबिनेट उघडली असतील मी. आतमध्ये वायरींचा नुसता गुंता असतो. याने एकेक वायर केकच्या खोक्याला बांधतात त्या लाल दोऱ्याने बांधली होती, प्रत्येक गाठ नीटस. का, तर आई. त्या घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासायच्या. छापखान्याचा माणूस पेनड्राइव्ह आणून द्यायचा आणि त्या दुखरे गुडघे धरून टेबलाखाली शिरायच्या, कॅबिनेटच्या मागच्या बाजूला तो लावायला. "पुढचे पोर्ट चालले ना, तर आईला खुर्चीवरून उठायला नको," तो म्हणाला होता. असं बोलणारा माणूस आवडणार नाही तर काय!

आणि म्हणूनच धास्ती वाटायची. हात दिसला की हाही जाणार.

एका सकाळी तो कॅबिनेट घेऊन आला, तर मामा बँकेत गेलेला. "आज लावूनच द्या. आईने तंबी दिलीय."

"मामा येऊ दे."

"मामा कशाला? तुम्ही आहात की!"

नाही कसं म्हणणार? मी एका हाताने लावायला गेले. जागा अगदी तळाशी, आणि वरून पॉवरच्या जाड वायरींचा झुबका सारखा आडवा येत होता. दुसऱ्या हाताने तो बाजूला धरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"मी धरू?"

"तुमचा पंजा शिरेल का तिथे? तुम्ही टॉर्च धरा. आणि तिकडे बघा."

"टॉर्च इकडे धरू… आणि बघू तिकडे?"

"हो. बघा म्हटलं ना!"

बिचारा गुमान भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. त्याच्याबरोबर उजेडही कॅलेंडरवर गेला.

"अहो, उजेड!"

तो दचकून वळला. माझा डावा हात बाहेर होता. चार बोटांनी वायरी मागे सारलेल्या, आणि वर टॉर्चचा लख्ख उजेड. मी डोळे मिटून प्लग दाबला. टक्… बसला.

त्याने टॉर्च काउंटरवर ठेवला. चेहरा पार उतरला होता. कॅबिनेट कसंबसं फडक्यात गुंडाळलं, "येतो" म्हणाला आणि चालता झाला. पोर्ट चालतात का, तेही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही दुपार उलटली तरी नाही. गेला तर गेला, माझं काय अडलंय! असं म्हणत मी एका निरपराध प्रिंटरवर खेकसले, मग मागच्या खोलीत खोक्यांच्या आडोशाला जाऊन ढसाढसा रडले.

"मी बोलू का त्याच्याशी?" मामाने विचारलं.

"बोललास तर बघ!"

संध्याकाळी दुकानात पुन्हा पावाचा वास आला… पण जरा करपट. तो दारात उभा होता, रिकाम्या हाताने. मामाने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "मी बँकेत जाऊन येतो," म्हणाला आणि सटकला. बँक केव्हाच बंद झाली होती.

"पोर्ट चालतायत?" मी कोरडेपणाने विचारलं. हात खिशातच.

"झकास. आई उगाचच दिवसभर पेनड्राइव्ह लावते आणि काढते."

"मग आता काय कमी आहे?"

त्याने मान खाली घातली. "ते… तेच बोलायला आलोय. पहिल्या दिवशी मी काय काय बरळलो! एक कमी म्हणजे मालच खराब. बदलून द्या. तुमच्या तोंडावर! तुमचा हात पाहिला आणि ते सगळं आठवलं. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली हो. दोन दिवस पाव करपवतोय. आई म्हणाली, एक तर भट्टी बंद कर, नाहीतर जाऊन बोलून ये."

भांडायची केवढी तयारी केली होती मी. सगळी वाया गेली.

"म्हणजे तुम्ही हात बघून पळाला नाहीत?"

"हात बघून?" तो चकित होऊन बघत राहिला. "अहो, तसल्या अडचणीत, डोळे मिटून, एका दमात बसवलात प्लग! घरी जाऊन बघितलं मी, एकही पिन वाकलेली नाही. असा हात बघून कोण पळेल?"

माझे डोळे भरून आले. मी उगाचच काउंटर पुसायला लागले.

"आणि अजून एक," तो घुटमळला. "केबल… पहिल्याच दिवशी पोचत होती."

"काय?"

"पोचत होती. मीच… तुम्ही मला फार आवडता. प्लग लागला असता तर यायला निमित्त कुठलं उरलं असतं?"

"लबाड!" मी म्हणाले, पण आवाज काही रागावायला तयार होईना. "मलाही तुम्ही आवडता. त्या गाठी बघितल्या तेव्हापासून." आणि काउंटरवरून माझा उजवा हात पुढे केला.

त्याने मान हलवली. "हा नको. हा सगळ्याच गिऱ्हाइकांना दिसतो. मला तो द्या ना… जो कुणालाच देत नाही."

मी हळूच खिशातून डावा हात काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने बोटांत बोटं गुंफली, आणि त्याची करंगळी माझ्या रिकाम्या जागेत अलगद जाऊन बसली.