दुभाष्याला सुचलेलं वाक्य

परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, बाकाच्या टोकाला ती अंग चोरून बसली होती. ओली छत्री मांडीवर, नजर समोरच्या खिडकीवर. दुभाष्याला तिची दया आली.

"घाबरू नका," तो वाकून म्हणाला. "कोणती भाषा बोलता आपण?"

"तुमचीच..." तिने वर पाहिलं. डोळ्यांत हसू मावत नव्हतं. "आणि इतकं वाकून विचारलंत ना, तेव्हा कुठे जरा घाबरले!"

ती अर्जदार नव्हतीच. बाहेरून आलेल्यांपैकी कायदा कुणाला आत घेतो आणि कुणाला उंबऱ्यावरच ताटकळत ठेवतो, याचा अभ्यास करणारी संशोधक होती ती. दुभाष्या कानापर्यंत लाल झाला — आणि तिच्या मुलाखतींना यायला एका पायावर तयारही झाला.

एका गवंड्याने तिला विचारलं, "बाई, तुमच्या लिहिण्याने माझी आई इकडे येईल?" म्हाताऱ्या आईवडिलांना आणायला तेव्हा बंदी होती. ती खोटा धीर देईल, असं दुभाष्याला वाटलं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण तुमचं म्हणणं मी गाळणार नाही."

हे गवंड्याच्या भाषेत सांगताना दुभाष्याचा आवाज अडकला.

"काय झालं?" जिन्यात तिने विचारलं.

"धूळ गेली घशात."

"अस्सं... मला दिसली नाही!"

तिच्या संस्थेच्या संचालकांनी नेमकं तेच गाळायला सांगितलं. विभागप्रमुखाची खुर्ची तिच्यासाठी राखून ठेवली होती. ती उठली, आणि तिने सगळं सरकारी समितीपुढे मांडलं.

"बाई, भावना नकोत. आकडे सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"आकडेच सांगतेय, साहेब. ते ऐकून तुमचं मन भरून आलं, त्याला मी काय करू?"

मागच्या रांगेत बसलेल्या दुभाष्याची छाती अभिमानाने फुगली. हिच्याइतका ताठ कणा त्याने दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता.

बंदी उठली. खुर्ची मात्र दुसऱ्याला मिळाली. मग एका दूरच्या देशातल्या विद्यापीठाने तिला बोलावलं. ही बातमी तिने त्याला सांगितली ती कॅन्टीनमध्ये, चहा ढवळत... साखर कधीच विरघळली होती.

"अभिनंदन," तो म्हणाला. त्याने कप उगाच फिरवला. "दिवसभर दुसऱ्यांचं बोलतो ना... स्वतःचं बोलायची सवय राहिली नाही."

"मग माझं बोला. मी सांगते, तुम्ही दुभाष्याचं काम करा." तिचा चमचा थांबला. "मला तुमच्याशिवाय जायचं नाही."

दुभाष्याने खोल श्वास घेतला.

"मला तुमच्याशिवाय... राहायचं नाही."

"चुकलात," ती हळूच म्हणाली. "मी 'जायचं' म्हटलं होतं."

"चुकलो नाही. हे भाषांतर नव्हतं."

टेबलावरचा त्याचा हात तिने हातात घेतला, तो चहा पार गार होईपर्यंत सोडला नाही.